गंगावन ते टेप-इन: हेअर एक्स्टेन्शन आपल्यासाठी आहे का, हे कसं ठरवायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं तेवढी गाळली आहेत.)

आजचा विषय आहे हेअर एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या केसांना जोडलेले दुसऱ्याचे केस.

लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, मैत्रिणींच्या ग्रुपवर, "अगं, करून घेऊ का?" विचारणारीला बहुतेक वेळा सलूनचं नाव हवं असतं, नाहीतर कुठला सेट चांगला ते हवं असतं. ते मी आज सांगणार नाहीये. त्याच्या आधीचा प्रश्न घेणार आहे: मुळात हे आपल्यासाठी आहे का? मी हेअरड्रेसर नाही आणि डॉक्टर तर नाहीच, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पण गेल्या वर्षी आमच्या घरात हा निर्णय घ्यायची वेळ आली. तेव्हा जे वाचलं, विचारलं आणि हातात घेऊन पाहिलं, ते आज क्रमाने सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या केसांना टांगलेलं वजन. पूर्ण डोक्याचा सेट साधारण 100 ते 200 ग्रॅमचा असतो. आपला मोबाइल साधारण तेवढाच भरतो. हे वजन टाळू उचलत नाही, आपले स्वतःचे केस उचलतात. दाट केसांना ते सहज पेलतं. म्हणजे गंमत बघा, ज्यांना एक्स्टेन्शनची फारशी गरज नाही त्यांना ते उत्तम बसतं, आणि ज्यांना ते मनापासून हवंय त्यांच्याच केसांना ते जड जातं.

हे काही नवीन नाही

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, गंगावन. आजीच्या पिढीला विचारा. शेपटा आखूड असेल तर वेणीत गंगावन घालायचं, खोपा भरीव दिसायला हवा तर आत गंगावन. लावणीच्या फडात, भरतनाट्यमच्या कार्यक्रमात, नऊवारीतल्या नवरीच्या डोक्यावर ते आजही असतं. आणि त्यात एक शहाणपण होतं. कार्यक्रम संपला की गंगावन काढून डब्यात ठेवायचं. रात्री झोपताना डोकं आपलं आपल्याला परत मिळायचं.

आता सलूनमध्ये जे मिळतं त्यातला मोठा फरक हाच आहे. काही प्रकार रात्री काढता येतात, काही आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहतात. बाकी नावं कितीही असू देत, आधी ही दोन खाती डोक्यात ठेवा.

रात्री काढता येणारे म्हणजे क्लिप-इन, हेलो आणि टॉपर. क्लिप-इनमध्ये केसांच्या पट्टीला छोट्या चाप-क्लिपा असतात, घरच्या घरी लावता येतात. हेलो म्हणजे डोक्याभोवती पारदर्शक दोरा आणि त्याला लटकलेले केस. टॉपर भांगाच्या आणि माथ्याच्या जागी बसतो.

राहणारे म्हणजे टेप-इन, मायक्रो रिंग, केराटिन बॉन्ड आणि शिवलेली पट्टी, म्हणजे वीव्ह. टेप-इनमध्ये दोन चिकटपट्ट्यांच्या मध्ये आपल्या केसांची पातळ बट दाबतात. मायक्रो रिंगमध्ये बारीक कडी पकडीने आवळतात. केराटिन बॉन्ड गरम करून वितळवून चिकटवतात. आणि वीव्हमध्ये आपल्या केसांच्या टाळूलगत घट्ट वेण्या घालून त्यावर पट्टी शिवतात.

पहिला प्रश्न: किती दिवसांसाठी?

हळद, लग्न आणि रिसेप्शन एवढंच असेल तर विषय इथेच संपतो. तीन दिवसांसाठी तीन महिने डोक्यावर वजन कशाला? क्लिप-इन घ्या, नाहीतर साधं गंगावन घ्या. नवरीच्या हेअरस्टाइलमध्ये अर्धे केस तसेही अंबाड्यात आणि गजऱ्यात जाणार.

"मला रोज लांब केस हवेत" असं उत्तर असेल, तर पुढे ऐका.

दुसरा प्रश्न: केस कमी आहेत, की कमी झालेत?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि सलूनमध्ये तो क्वचितच विचारला जातो.

काहींचे केस जन्मापासून पातळच असतात. काहींनी हौसेने बॉब केला आणि आता तो वाढायची वाट बघवत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे खांद्यापासून कमरेपर्यंत यायला काही वर्षं जातात. अशा वेळी एक्स्टेन्शन ही सरळ हौस आहे, आणि हौसेला नावं ठेवायचं काही कारण नाही.

पण केस आधी होते आणि आता गेलेत, तर ती वेगळी गोष्ट. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे. तेवढं गुंतवळ कंगव्यात येणारच. मोजत बसायची गरज नाही, एक सोपी खूण बघा. पोनीला रबर आधी दोनदा फिरायचं आणि आता तेच रबर चारदा फिरतंय का? आधीच्या फोटोंपेक्षा भांग रुंद दिसतोय का? तसं असेल तर कारण शोधा.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस भसाभसा गळतात. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, क्रॅश डाएट, यांच्यानंतरही दोन-तीन महिन्यांनी तसंच होतं. आजार विसरलेला असतो, म्हणून आपण शाम्पूला दोष देतो. ही गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते, पण केस पूर्ववत दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. या काळात नवे उगवणारे केस बारीक आणि आखूड असतात. त्यांच्यावर वजन टांगू नये.

दुसरी कारणं म्हणजे थायरॉइड, शरीरात लोह कमी असणं, पीसीओएस. आणि आनुवंशिक विरळपणा, ज्यात भांग हळूहळू रुंदावत जातो. यात औषधं आहेत, पण ती लवकर सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. इथे एक्स्टेन्शनचा खरा धोका आहे. ते इतकं छान झाकतं की झाकलेलं आपल्यालाही दिसेनासं होतं. वर्ष-दीड वर्ष तसंच जातं, आणि उपचाराचा चांगला काळ निघून जातो.

गोल चकती पडली असेल, म्हणजे चाई, तर आधी डॉक्टर. केमोथेरपी सुरू असेल तर एक्स्टेन्शनचा प्रश्नच नाही, कारण त्याला पकडायला केस लागतात. तिथे विग हा सरळ मार्ग आहे.

घरातली गोष्ट

माझ्या मामेबहिणीला विचारून हे सांगते. ती सांगलीला शाळेत शिकवते. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं. आता आपल्याकडे पत्रिका, पगार आणि उंची झाली की कुणीतरी केसांवर येतंच. "मुलगी छान आहे हो, पण केस अगदीच विरळ आहेत." हे वाक्य एकदा मामीच्या कानावर आलं आणि मामीने मनावर घेतलं. पुढच्या कांदेपोह्यांच्या आत काहीतरी करायचं ठरलं. एका सलूनने टेप-इन सुचवलं, आकडा पाच अंकी सांगितला, वर आजच नाव नोंदवलं तर सवलत. रात्री तिचा फोन आला, "ताई, अर्धे पैसे तू भरशील का? मी दर महिन्याला देईन."

मी म्हटलं, भरते, पण एक अट आहे. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन ये. त्यांनी भांग पाहिला, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बराच कमी निघाला. पाळीत तिला जास्त रक्तस्राव व्हायचा, आणि "सगळ्यांनाच होतं" म्हणून ती तो वर्षानुवर्षं सहन करत होती. जिना चढताना लागणारी धाप, दुपारची झोप, या सगळ्याचा केसांशी काही संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी टेप लावले असते तर केस भरगच्च दिसले असते, आणि धाप तशीच राहिली असती.

गोळ्या सुरू झाल्या. पाच-सहा महिन्यांनी कपाळाजवळ बारीक केस उभे राहिलेले दिसायला लागले. पण कार्यक्रम त्याच्या आधीच होता. मामीने क्लिप-इन आणून ठेवल्या होत्या. बहीण म्हणाली, "रोज लावणार नसेन तर पहिल्या दिवशी का लावू?" ती आपल्या छोट्या वेणीत बसली. ते स्थळ काही जमलं नाही. केसांमुळे की आणखी कशामुळे, कुणी सांगितलं नाही. त्या क्लिप-इन तिने नंतर मैत्रिणीच्या हळदीला लावल्या, आणि खूप मिरवल्या.

म्हणून मी प्रत्येकीला हे विचारते: एक्स्टेन्शन कुणासाठी हवंय? स्वतःला आरशात मजा वाटावी म्हणून असेल तर जरूर करा. पण कुणाच्या तरी वाक्याला उत्तर म्हणून करत असाल, तर थोडं थांबा. ते वाक्य बोलणारी माणसं उद्या दुसरं काहीतरी शोधून काढतील.

तिसरा प्रश्न: केस कुठे कमी आहेत?

एक्स्टेन्शन जिथे जोडतात ती जागा झाकायला वरून आपलेच केस लागतात. त्यामुळे लांबी आणि खालचा घेर वाढवायला ते चांगलं. पण भांग रुंद झालाय, माथ्यावर टाळू दिसते, कपाळाच्या कडेचे केस मागे गेलेत, तर टेप-इनने ते झाकलं जात नाही. उलट खाली दाट आणि वर विरळ, असा फरक जास्त उठून दिसतो. माथ्यासाठी टॉपर असतो, पण त्याच्याही क्लिपा धरतील इतके आजूबाजूचे केस धड हवेत.

आपले केस अगदी आखूड असतील तरी जोड दिसतो. मानेपर्यंत तरी येऊ द्या, मग विचार करा.

चौथा प्रश्न: तुमचा आठवडा कसा जातो?

जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडे तर हेच आधी बघायला हवं.

तेल. रविवारी खोबरेल चोपडून नहायची सवय आहे? टेप-इनचा गोंद तेलाने सुटतो, कंडिशनर मुळाशी लागलं तरी सुटतो. केराटिन बॉन्डलाही मुळाशी तेल चालत नाही. म्हणजे ते असेपर्यंत मुळाशी तेल बंद. दिवाळीच्या पहाटे आई वाटी घेऊन उभी राहील तेव्हा तिला काय सांगणार, ते आधीच ठरवून ठेवा.

हेल्मेट. पुण्यात अर्धं आयुष्य दुचाकीवर जातं. हेल्मेट जिथे दाबतं तिथेच कड्या किंवा बॉन्ड आले तर रोज घासणार आणि रोज टोचणार. सलूनला जाताना आपलं हेल्मेट बरोबर घेऊन जा आणि कुठे दाबतं ते दाखवा.

पावसाळा. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये साधे केस वाळायला तास लागतात. शिवलेल्या पट्टीखाली टाळू ओली राहिली की वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. ज्यांना आधीच कोंड्याचा त्रास आहे त्यांनी कायम राहणारे प्रकार टाळलेलेच बरे.

वेळ. रोज टोकाकडून वर अशा क्रमाने गुंता सोडवायचा, रात्री सैल वेणी घालून झोपायचं, ओल्या केसांनी झोपायचं नाही. सकाळची 7:50 ची लोकल पकडणाऱ्या बाईने हा हिशोब खरेपणाने करावा.

पाचवा प्रश्न: वर्षाचा खर्च किती?

सलूनमध्ये पहिल्या दिवसाचा आकडा सांगतात. पण टेप आणि रिंग साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून वर सरकवाव्या लागतात. केराटिन बॉन्ड तीन-चार महिन्यांनी काढायचे असतात. म्हणजे टेप वर्षभर ठेवायचे तर सहा ते आठ फेऱ्या, प्रत्येक वेळी काही तास आणि पैसे. मध्येच नवे केसही विकत घ्यावे लागतात. त्यामुळे विचारायचं ते असं: "वर्षभर ठेवलं तर एकूण किती? आणि काढायचे वेगळे पैसे लागतात का?" बाईक घेताना आपण सर्व्हिसिंग विचारतो ना, तसंच.

काहीजणी पैसे वाचवायला ही फेरी लांबवतात. ते करू नका. दोन महिन्यांत केस दोन सेंटीमीटर वाढतात, जोड मुळापासून लांब जातो, त्याला पीळ बसतो आणि ओढ वाढते. शिवाय दुसरं एक घडतं. गळलेला केस जोडात अडकून तिथेच राहतो. रोज 50 केस धरले आणि निम्म्या केसांना जोड असले, तर दोन महिन्यांत हजारावर सुटे केस आत अडकतात. ते वजन उचलत नाहीत. वजन येतं ते उरलेल्यांवर. काढताना हातात मोठा पुंजका येतो तो याच केसांचा. त्यातले बरेचसे एरवी रोज थोडे थोडे गळालेच असते, तेव्हा एवढ्याने घाबरू नका. मात्र मुळाशी टाळू मोकळी दिसत असेल किंवा केस मध्येच तुटलेले असतील, तर पुन्हा लावू नका.

दुखलं तर काढा

"पहिले दोन दिवस दुखणारच" असं सर्रास सांगतात. जरा नवखं वाटणं वेगळं आणि दुखणं वेगळं. डोकं ठणकत असेल, उशीवर टेकवत नसेल, मुळाशी पुळ्या किंवा केसतूड आलं असेल, तर ते घट्ट झालंय. त्याच दिवशी परत जाऊन सैल करून घ्या, नाहीतर काढून टाका. सतत ओढ बसली की कानशिलांजवळचे आणि कपाळाच्या कडेचे केस जायला लागतात. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळंच मरतात, मग येत नाहीत. गोंदाची ॲलर्जीही होऊ शकते, म्हणून आधी एक-दोन तुकडे लावून बघायला सांगा. आणि घरी ओढून काढायचं धाडस करू नका. टेप आणि बॉन्ड सोडवायला वेगळं द्रावण असतं.

हे केस येतात कुठून?

थोडक्यात सांगते, कारण किमतीचा संबंध इथे आहे. तिरुपतीला भाविक मुंडण करतात, आपल्या महाराष्ट्रातूनही कितीतरी जण जातात. देवस्थान ते केस लिलावात विकतं. एकाच डोक्यावरून एकदम उतरवलेले असल्याने सगळ्यांची मुळं एका बाजूला ठेवता येतात. अशा केसांना बाजारात रेमी म्हणतात, ते कमी गुंततात आणि महाग असतात.

दुसरा रस्ता आपल्या गल्लीतून जातो. लहानपणी केसांवर फुगे किंवा भांडी देणारा यायचा, आठवतोय? आजी गुंतवळ पिशवीत साठवून ठेवायची. ते गुंतवळ पुढे हाताने सोडवून, विंचरून विकलं जातं. त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट असतात, म्हणून केसाचा वरचा थर रसायनाने काढून वरून सिलिकॉन चढवतात. दुकानात ते रेशमासारखं लागतं, काही धुण्यांनंतर सिलिकॉन गेलं की गुंता व्हायला लागतो. कृत्रिम धाग्याचे केस सगळ्यात स्वस्त, पण जास्त गरम स्ट्रेटनर लागला की वितळतात. म्हणून घेताना तीन गोष्टी विचारा: खरे की कृत्रिम, रेमी आहेत का, आणि वजन किती ग्रॅम. नुसती इंचातली लांबी सांगून विकत असतील तर वजनासाठी अडून बसा.

तर मग करायचं का?

तुमचे केस निरोगी आहेत, गळती नाही, हौस आहे, वर्षाचा खर्च खिशाला झेपतो, आणि आठवड्याची तेलाची वाटी सोडायची तयारी आहे: जरूर करा. चांगल्या हाताने आणि वेळेवर काढून लावलेलं एक्स्टेन्शन सुंदर दिसतं. आधी महिनाभर क्लिप-इन वापरून बघा. तेवढ्यात कंटाळा आला तर टेप-इनचे पैसे वाचले.

गेल्या सहा महिन्यांत गळती वाढली असेल, बाळंतपण किंवा मोठा आजार झाला असेल, कोंडा किंवा पुळ्या असतील, भांग रुंद होत असेल, तर आधी डॉक्टर. मध्ये एखादा कार्यक्रम आलाच तर क्लिप-इन लावा, रात्री काढा. तेही त्याच जागी रोज नको.

आणि जे सलून तुमचे केस हातात घेऊन, भांग पाहून "तुम्हाला आत्ता नको" असं म्हणेल, त्याचा नंबर जपून ठेवा. लावायची वेळ येईल तेव्हा तिथेच जा.

आज इथेच थांबते. तुमचे अनुभव, विशेषतः पावसाळ्यातले, मला नक्की कळवा. पुढच्या भागात बऱ्याच जणींनी मागितलेला विषय घेऊया: बोअरवेलचं पाणी आणि केस. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू.